माडीवरचं न्हाणीघर
नळाचं कौतुक मला सांगू नका बायांनो. महाराजांच्या राज्यात गल्लीत नळ आला, तवा माझ्या सासऱ्यांनी हौसेनं माडीवर न्हाणीघर बांधलं. तोटी सोडली, तर थेंब न्हाय. मिस्त्री म्हणाला, "मालक, गावची टाकी तुमच्या माडीपेक्षा खाली हाय. पाणी तिच्यावर कसं चढंल?"

सासरे मला म्हणाले, "सूनबाई, खालच्या नळावर घागरी भरून वर आणत जा."

मला सातवा महिना. तरी आणत होते. एका सकाळी जिन्यात पाय सरकला, कठडा धरला म्हणून वाचले. घागर तिथंच ठेवली नि म्हटलं, "मामंजी, पाणी चढत न्हाय तिथं मी बी चढणार न्हाय. आंघोळीला खाली या."

दुपारपर्यंत मामंजी पारोसे बसले. मग पंचा खांद्यावर टाकून गुमान खाली उतरले.