विजेत्याच्या मागची रांग

(टीव्ही केंद्रातली एडिटिंगची खोली. देशभरातल्या गीतकारांच्या टीव्हीवरच्या स्पर्धेच्या इतिहासावरचा कार्यक्रम भाची जुन्या चित्रफितींतून जोडते आहे. शेजारी आत्या.)

भाची : आत्या, रागावू नकोस. साहेब म्हणतात, फक्त विजेते घ्यायचे.

आत्या : म्हणजे मी कटाप.

भाची : अगं, तू दरवर्षी अंतिम फेरीत होतीस, पण...

आत्या : पण दरवर्षी आपटले. बोल की! अख्ख्या देशाने पाहिलंय.

भाची : मलाच वाईट वाटतंय गं.

आत्या : ते नंतर वाटून घे. आधी पहिल्या वर्षीचं विजेतं गाणं लाव... हं. त्या जिंकलेल्याच्या मागे कोण उभं आहे?

भाची : कोरस.

आत्या : डोंबलाचा कोरस! केंद्राकडे कोरसला माणसंच नव्हती. गाणी आमची आम्हीच गायचो. मग दिग्दर्शकाने टूम काढली, निकाल लागला की हरलेल्यांनी विजेत्याच्या मागे उभं राहून त्याचं गाणं गायचं. पुढे तीच रीत पडली.

भाची : ही बघ तू! तोंड केवढं फुगलंय!

आत्या : फुगणारच. माझं गाणं त्याच्यापेक्षा सरस होतं. अजूनही आहे.

भाची : मग त्याचं गायलीस कशाला?

आत्या : तेही चांगलंच होतं की. आता पुढचं वर्ष लाव, ती शिंपीण जिंकली ते.

भाची : ही तर रडतेय. ओठ मिटलेत हिचे... आणि गाणं चालूच आहे. अख्खं कडवं!

आत्या : तिला हुंदका आवरेना. बाकीचे गांगरून गप्प. थेट प्रक्षेपण, सगळा देश बघतोय. मग घेतलं मी अंगावर.

भाची : हा तुझा आवाज? आत्या, हे गाणं आम्ही शाळेत म्हणायचो! घरात कधी बोलली नाहीस ती!

आत्या : गाणं तिचं, मी काय मिरवू? पण आज मिरवते. छाती फुगवून मिरवते. प्रत्येक विजेत्या गाण्यात माझा आवाज आहे. काप आता मला.

भाची : कसली कापतेय! साहेबांना इथे बसवून ऐकवते. पडद्यावर शिंपिणीच्या नावाखाली तुझं नाव घालते.

आत्या : तिथे नको. शब्द तिचे आहेत. रांगेखाली घाल. आणि माझं एकटीचं नको, रांगेतल्या सगळ्यांची घाल.

भाची : सगळी नावं आठवतात तुला?

आत्या : न आठवायला काय झालं? खांद्याला खांदा लावून उभे होतो. घे लिहून, डावीकडून सांगते.