तेवीस लाल

ठेवा. ती पत्त्यांची पानं खाली ठेवा, मास्तर — तशी नाही, पालथी ठेवा, त्यांची तोंडं बघायची नाहीत मला. शहाद्याहून एवढ्या उन्हाचे ब्राह्मणपुरीला आलात, माझ्या बहिणीनं गूळपाणी दिलं, ते ठीक. पण गिरधर जादूगार इथं राहतो हे तुम्हाला सांगितलं कुणी? जादूगार मेला. हा बसलाय तो बहिणीच्या केळीला पाणी भरणारा गिरधर आहे. आणि काय म्हणता — खोटी मोजणी शिकवा? शाळेच्या संमेलनात गंमत म्हणून? पाच पानं चार म्हणून मोजायची, चार पाच म्हणून, पोरं टाळ्या वाजवतील. वाजवतील ना. माझ्यासाठी पण वाजवल्या. हसू नका, मास्तर. हसणाऱ्या माणसाचा मला आधी राग येतो, मग त्याचं बोलणं ऐकू येतं.

शिकायला काय लागतं ते ऐका, म्हणजे परत यायचं नाव घेणार नाही. सुरतेचा रूपचंद सारंगखेड्याच्या जत्रेत कनात लावून पत्त्यांचे खेळ करायचा. अठ्ठाविसाव्या वर्षी मी शेत भावावर टाकून त्याच्यामागं गेलो. तीन वर्षं त्याची कनात ठोकली, त्याचे सदरे धुतले. शिकवायचा का? छे. करून दाखवायचा आणि पाठ फिरवायचा. दोन पानं एकावर एक अशी सरकवायची की बघणाऱ्याला एकच दिसावं — झाली मोजणी कमी. आणि जास्त हवी तर? मोजलेलं पान गुपचूप हातातल्या गठ्ठ्याखाली परत घ्यायचं आणि पुन्हा मोजायचं. सांगायला एवढंच. अंगठ्याला कळायला वर्ष जातं. तोंडानं एक, दोन, तीन म्हणायचं ते एका ठेक्यात — ठेका चुकला की मेलात.

पण खरं शिकवलं ते रूपचंदनं नाही. दिवलीबाईनं. कोण म्हणजे? तिकडं माझ्या गावच्या भिल वस्तीतली, बांधावरचं गवत कापायला यायची. पावसाळ्यात खेळ बंद, मी घरी यायचो आणि ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसून सराव करायचो. ती खाली विळा टेकवून बघत उभी राहायची. शाळा बघितली नाही, वीसच्या पुढं मोजता येत नव्हतं — पण मी पान चोरलं की लगेच म्हणायची, ‘तुन्हा अंगठा हालना.’ तुझा अंगठा हलला. रोज. पुन्हा केलं, पुन्हा तेच — ‘हालना.’ मला इतका राग यायचा, मास्तर, की पानं फेकून द्यायचो, आणि ती ती गोळा करून पदराला पुसून परत माळ्यावर द्यायची. दोन पावसाळे गेले. तिसऱ्यात एक दिवस तिनं बघितलं, पुन्हा करायला लावलं, मग विळा उचलला आणि म्हणाली, ‘आते नई दखावत.’ आता दिसत नाही. त्या दिवशी मी जादूगार झालो. रूपचंदला आजतागायत ठाऊक नाही.

मग? मग काही नाही. एवढंच. संपलं. तुम्ही असे बघू नका, विचारायचं ते विचारा. हो — विहिरीचं. म्हणजे ते ऐकूनच आलात तर. शहाद्याला अजून बोलतात?

गावानं नवी विहीर खणली. गावानं म्हणजे — खणली भिलांनी, दगड वाहिले त्यांच्या बायकांनी, दिवलीबाई त्यात होती. पाणी लागलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, एक उगवतीची बाजू आम्हाला द्या, नाहीतर आम्हाला नदीच्या वाळूत झिरे खणूनच प्यावं लागतं. यात वाद घालण्यासारखं काय होतं? पण वाद झाला. इंद्रसिंग पाटील नको म्हणाले, आणि पाटलांच्या तोंडासमोर हात वर करणार कोण? तेव्हा म्हातारा धुडकू म्हणाला, कुणाचं मत कुणाला दिसू नये असं करा. आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं — पानं माझ्याकडंच ना. भिल वस्ती सोडून एक्केचाळीस घरं. पत्त्यांचे दोन जोड काढले, प्रत्येक घराला एक लाल पान, एक काळं. लाल म्हणजे बाजू द्या, काळं म्हणजे देऊ नका. मत एका मडक्यात टाकायचं, उरलेलं पान दुसऱ्या मडक्यात. आणि मोजणार कोण? गिरधर मोजेल, त्याचा हात चालतो. सकाळी, मारुतीच्या पारावर, सगळ्यांच्या देखत. भिलांना लांब निंबाखाली उभं केलं होतं.

मी लाल वेगळी केली, काळी वेगळी केली. गठ्ठा हातात आला की कळतं, मोजावं लागत नाही. तेवीस लाल. अठरा काळी. ऐकताय ना, मास्तर? पाटलांच्या धाकात माना खाली घालून बसलेल्या त्या गावात तेवीस घरांनी लाल टाकलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच. आणि मी मोठ्यानं मोजली — वीस लाल. एकवीस काळी. लालमध्ये तीनदा दोन पानं एक केली, काळ्यात तीनदा एक पान परत घेतलं. बेरीज एक्केचाळीस. ठेका कुठं चुकला नाही. कुणी दुसऱ्या मडक्यात हात घातला असता तर खरा आकडा तिथं उताणा पडला होता — पण मी दोन्ही मडकी एकात एक ओतली आणि पानं पिसून टाकली, जशी खेळ संपल्यावर पिसतात.

पाटलांनी सांगितलं म्हणून. दुसरं कशासाठी करीन मी? पाटलांच्या गावात राहायचं तर — काय? कधी सांगितलं? आदल्या दिवशी. नाही, त्याच सकाळी, डोळ्यानं — तुम्ही मास्तर असाल तुमच्या शाळेत. मला उलटतपासणी घेता? नाही सांगितलं. घ्या. पाटील चिलीम ओढत बसले होते आणि म्हणाले, जे निघेल ते निघेल, मी मान्य करीन. झालं समाधान? कुणीच सांगितलं नव्हतं. माझंही एक घर होतं त्या एक्केचाळिसात आणि मी काळं टाकलं होतं. मी. तिनं तीन पावसाळे उभं राहून मला शिकवलं आणि मी काळं टाकलं, कारण मला वाटलं सगळे काळंच टाकतील, मग आपण एकट्यानं कशाला. आणि मडकं उघडलं तर लालच लाल. ज्यांना मी भित्रे म्हणत होतो ते माझ्याहून भले निघाले. त्याचा राग आला मला, मास्तर, दुसरं काही नाही. मी त्यांना मोजून माझ्याएवढं केलं.

दिवलीबाई संध्याकाळी बांधावर आली. गवत कापायला नाही. म्हणाली, ‘तुन्हं कोपर हालनं.’ एवढ्या लांबून, निंबाखालून. अंगठा दिसत नव्हता तर कोपर बघितलं तिनं. मी म्हटलं, तुला काय कळतं मोजण्यातलं. गेली ती. त्या उन्हाळ्यात झिऱ्यांचं पाणी नासलं, पटकी आली, भिल वस्तीतली सात माणसं गेली. तिची लेक त्यात होती, पोटुशी होती. माणसं म्हणतात पटकी कुठंही येते. येते. आमच्या विहिरीवर पिणाऱ्यांत त्या साली एकही गेला नाही.

ती भावाकडं तोरणमाळला निघून गेली. मी मागून चढलो, तो घाट चढताना दोनदा खाली बसलो. ती अंगणात मोहाची फुलं वाळवत होती. मी सगळं सांगितलं, काळ्या पानासकट. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. ‘माले काय सांगस? त्यास्ले सांग.’ बस. मला काय सांगतोस, त्यांना सांग.

सांगितलं. हो, सांगितलं — तुम्हाला काय वाटलं, मी इथं लपून बसलोय? त्याच पारावर उभा राहिलो. म्हटलं, मी खोटं मोजलं, तेवीस लाल होती. पाटील चिडले नाहीत, मास्तर, तेच वाईट झालं. शांतपणे म्हणाले, आज खरं बोलतोयस की तेव्हा बोलला होतास? आम्ही ओळखायचं कसं? ज्यांनी लाल टाकलं त्यांनी हात वर करा, गिरधर मोजेल. म्हातारा धुडकू, ज्यानं ही युक्ती काढली, तो काठीनं जमीन उकरत बसला. सख्खा भाऊ माझा, वेगळं घर त्याचं, मला ठाऊक आहे त्यानं लाल टाकलं, मोजणीच्या दिवशी घरी आल्यावर रडला — तो चपला घालून उठून गेला. मग बायकांत मागं बसलेली कौसाबाई, विधवा, घरात कुणी पुरुष नाही म्हणून तिच्या नावचं मत होतं — तिनं हात वर केला. आणि खाली घेतला नाही. पाटील म्हणाले, मोज. मी म्हटलं, एक.

विहिरीची बाजू? नाही दिली. कौसाबाईनं आपल्या पोहऱ्यानं पाणी शेंदून भिलांच्या घागरींत ओतायला सुरुवात केली, रोज सकाळी, एकटीनं. तिला वाळीत टाकलं. ती ओततेच आहे अजून. आणि मी इथं आलो. त्या बाईच्या समोरून रोज घागर घेऊन जायची ताकद नव्हती माझ्यात.

आता काय? नाही शिकवणार. तुम्ही भले असाल, पोरंही भली असतील, मला काय करायचंय. उचला तुमची पानं. अशी नाही, सगळी उचला, एक तिकडं पाटाखाली गेलंय. उठा, मास्तर. दार ओढून घ्या जाताना.