शेवाळाचं जेवण बंद!

...नाही, तुम्ही हसू नका! टाकीत शेवाळ येणं म्हणजे काय, ते ज्याच्या टाकीत आलंय त्यालाच कळतं! खाऱ्या पाण्याची टाकी, चार फुटांची, पनवेलला, दुसऱ्या मजल्यावर, हॉलमध्ये! माझ्या हातानं मीठ कालवून समुद्र तयार केलाय मी, समुद्र! दगड रचले, मऊ जांभळं प्रवाळ लावलं, आणि त्यावर उगवलं काय? हिरवे केस! उपटले की परत, टूथब्रशनं घासले की परत... शेवटी एका सकाळी काचेला नाक लावून मी त्या शेवाळाला स्पष्ट सांगितलं, "बघून घेतो तुला!"

आतून आमची रमा म्हणाली, "कुणाशी बोलताय हो?"

म्हटलं, "शेवाळाशी."

"बरं. झालं बोलून की दूध आणा."

पण शेवाळ परवडलं हो, तिसऱ्या मजल्यावरचा हितेश परवडत नाही! त्याच्याकडे पण टाकी, आणि काच अशी की आत पाणी आहे की नाही कळू नये. यायचा रोज, सोफ्यावर बसायचा, आमचा चहा प्यायचा आणि म्हणायचा, "काका, बागकाम जोरात आहे हां! मेथी कधी काढताय?" मेथी! आणि मला गप्प बसावं लागायचं, कारण माझ्या टाकीतली जोकर माशांची जोडी त्याची. केशरी अंगावर पांढरे पट्टे, मी नावंसुद्धा ठेवली होती, जगन आणि सोनाबाई. मी ऑफिसातून आलो की दोघं काचेपाशी धावत यायची हो, माझ्या स्वतःच्या घरात दुसरं कोण येतं असं? ती जोडी त्यानं मला दिली ती अटीवर. "काका, गणपतीपर्यंत पाणी स्वच्छ झालं तर जोडी तुमची. नाहीतर मी वर नेणार. घाणीत नाही ठेवणार मी त्यांना." घाणीत म्हणाला! मी म्हटलं, तुलाही बघून घेतो!

मग गेलो कामोठ्याला, कुंदनच्या दुकानात. कुंदन उरणचा, सात पिढ्या समुद्रावर गेलेल्या, हा माशांना घरात बसवतो. त्यानं मी बाटलीतून नेलेल्या टाकीच्या पाण्यात तपासणीच्या औषधाचे चार थेंब टाकले, पाणी झालं निळंशार. म्हणाला, "सायेब, यो फॉस्फेट हाय. शेवालाचं जेवन. तुमी जेवन बंद करा, शेवाल आपसूक मरल." जेवण बंद! काय गोड वाटलं मला, तुम्हाला सांगतो! उपाशी मारायचं, हळूहळू, तडफडवून! त्यानं थेंबांची बाटली दिली आणि एक यंत्र दिलं. म्हणजे उभी प्लास्टिकची नळी, त्यात तपकिरी दाणे, छोटा पंप खालून पाणी ढकलतो, दाणे फॉस्फेट धरून ठेवतात, वरून साफ पाणी टाकीत. "पन सायेब, दाने आधी बादलीत धुवा. धुतल्याबिगर लावू नका हां. आनि पानी सावकाश सोडा."

आता मला सांगा, सूड घ्यायला निघालेला माणूस दाणे धूत बसतो का? घरी आलो, नळी लावली, पंप फुल्ल! दाणे आत असे घुसळले की त्यांचं पीठ झालं आणि दोन मिनिटांत अख्खा समुद्र लाल!

रमा बाहेर आली. बघितलं. "अहो, पान खाऊन कोण थुंकलं यात?"

नेमका तेव्हाच हितेश दारात! "काका, मेथी काढून बीट लावलं?"

बघून घेतो! बघून घेतो!

मग सगळं पाणी बदललं. नवे दाणे आणले, आठ वेळा धुतले, तांदूळ धुतले नसतील एवढे धुतले. पंप असा मंद केला की दाणे नुसते जागच्या जागी डुलतायत. आठवडा गेला, चार थेंब टाकले... निळंशार! दाणे बदलले. निळंशार! माशांचं खाणं निम्मं केलं, डबी गोदरेजच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. निळंशार! अहो, मी शेवाळाचं ताट ओढतोय आणि कोणीतरी मागून वाढतंय! आणि घरात रोज येऊन टाकीपाशी उभा कोण राहतो? हितेश! सापडला म्हटलं. हाच काहीतरी टाकतो. जोडी परत पाहिजे ना त्याला!

रजा टाकली मी. कारण काय लिहिलं? घरगुती अडचण. सकाळी डबा घेऊन निघालो, जिना उतरलो, रमा भाजीला गेल्यावर परत चढलो, चावीनं दार उघडलं आणि हॉलच्या पडद्यामागे उभा. स्वतःच्या घरात! डबा हातात, घाम फुटलेला, मनात एकच, आज बघून घेतो! अर्धा तास झाला आणि पावलं वाजली... सावकाश... आणि आल्या कोण? आमच्या सासूबाई! गंगाबाई! गुडघ्याच्या उपचारासाठी तेव्हा दोन महिन्यांपासून आमच्याकडेच होत्या. हातात स्टीलची ताटली, ताटलीत कणकेच्या गोळ्या. टाकीचं झाकण उचललं, तोंडानं श्लोक, आणि एकेक गोळी... डुबुक! डुबुक! डुबुक!

मी पडद्यातून बाहेर. "सासूबाई!!"

त्या दचकल्या नाहीत हो! म्हणाल्या, "अगंबाई, जावईबापू, बरं झालं आलात, हात लावा ताटलीला. तुमचीच साडेसाती आहे ना? गुरुजी म्हणाले, माशांना रोज कणकेच्या एकशे आठ गोळ्या घाला. आता माझे गुडघे असे, तळ्यापर्यंत कोण जाणार? म्हटलं घरातच आहे की तळं!"

एकशे आठ! रोज! माझी साडेसाती जावी म्हणून! अहो, माझी साडेसाती ती हीच ना!

बोललो असतो मी. पण तेवढ्यात रमा भाजी घेऊन दारात, आणि तिनं एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. त्या नजरेनंतर मी ताटलीला हात लावला.

बंद करा म्हणावं तर संकल्प सव्वा वर्षाचा! गणपती आले. हितेश जाळी घेऊन आला आणि जगन-सोनाबाईला पिशवीत घालून वर घेऊन गेला. पिशवीतून ती दोघं माझ्याकडे बघत होती हो... खोटं नाही सांगत, मोदक गिळवेना. आणि त्या न गिळलेल्या मोदकावर हात ठेवून मी म्हटलं, हितेश, आता खरा बघून घेतो तुला!

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना म्हटलं, अगदी हळवा आवाज काढून, "सासूबाई, वरचा हितेश... तिशी उलटली, लग्न जमत नाही बिचाऱ्याचं. मंगळ आहे. त्यांच्याकडे पण मासे आहेत म्हणे..."

बास! माउली लिफ्टनं वर! हितेशची आई किशोरीताई तर पायाच पडल्या. हितेश ऑफिसात, इकडे रोज एकशे आठ! डुबुक, डुबुक! महिन्याभरानं मी वर गेलो, चहा प्यायलो, टाकीकडे बघितलं. हिरवीगार! म्हटलं, "हितेश, बागकाम का रे?" त्याचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही! जन्माचं सार्थक!

आणि पुढच्याच रविवारी हितेश पेढे घेऊन आला.

"काका, लग्न जमलं! मुलगी बडोद्याची, मी पण तिकडेच शिफ्ट होतोय. तिला माशांचा वास चालत नाही. मग टाकी काय विकायची? तुमच्याइतका जीव कोण लावणार? तुम्हालाच दिली!"

आणली खाली. सहा माणसांनी. शेवाळासकट. जगन-सोनाबाई आली परत, नाही म्हणत नाही मी, धावत आली काचेपाशी... पण आता हॉलमध्ये दोन टाक्या, दोन यंत्रं, टीव्ही गेला बेडरूममध्ये आणि मी बसतो स्टुलावर. आणि सासूबाई? "बघितलंत, जावईबापू? गुण आला! आता दोन टाक्या आहेत तर मोनालीच्या नोकरीचंही सुरू करते." मोनाली म्हणजे माझी मेहुणी.

कुणाला बघून घेऊ आता?

परवा गोळ्या वळता वळता सासूबाईंचा हात आखडला. म्हणाल्या, खंड पडायला नको हो. रमानं परात माझ्यापुढे सरकवली. आणि तुम्हाला सांगतो, दोनशे सोळा गोळ्या मी वळल्या. या हातांनी.

जरा लहान वळल्या. तेवढाच काय तो सूड!