फिरतं स्टूल

सदाशिव पेठेत हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी एक निवृत्त मास्तर होते. समोरच्या बाई त्यांना ओळखून जवळ आल्या.

"सर, मी जैनब. नववीला तुमच्या वर्गात होते."

"सलूनवाल्यांची ना? विज्ञानात पहिली यायचीस. पुढे काय केलंस?"

"कॉमर्स."

"का गं?"

"तुमचं फिरतं स्टूल आठवतं? डंबेल धरून हात पसरायचे, गिरकी द्यायची, मग हात छातीशी घ्यायचे."

"कोनीय संवेग अक्षय्य राहतो, म्हणून वेग वाढतो. दरवर्षी दाखवायचो."

"दरवर्षी मुलांनाच बसवायचात. मी तास संपेपर्यंत हात वर करून होते."

"मुलींच्या ओढण्या अडकतील म्हणून."

"आमच्या युनिफॉर्मला ओढणी नव्हती, सर."

"नव्हती खरी."

"मग सोमवारी अब्बांचं सलून बंद असताना त्यांच्या फिरत्या खुर्चीत बसून मीच केलं. वाण्याकडून दोन-दोन किलोची वजनं आणली होती. दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगायला आले."

"मी काय म्हणालो?"

"पुस्तकात आहे तेवढं लिही, म्हणालात."

"म्हणालो असेन."

"नंबर चौदा. दीनानाथ आजोबा, चला," काउंटरवरच्या मुलीने पुकारलं.

"सर, तुम्हाला बोलावतायत."

"पुढच्याला घ्या हो."

"आजोबा, नंबर गेला की परत शेवटी."

"चालेल. जैनब, बस इथे. हात जवळ घेतलेस, मग काय झालं?"

पंधरा नंबर माझा होता. मीही उठलो नाही.