आत काय भरलंय?

तीनशे ग्रॅम! अहो, तुम्हाला सांगतो, तीनशे ग्रॅममध्ये आम्ही उशीचा एक कोपरा भरत नाही, आणि ही जाकिटांच्या दुकानातली पोरगी म्हणते, "काका, याच्यात बर्फातसुद्धा घाम फुटेल." घाम मला तिथंच फुटला, पण संशयानं! चाळीस वर्षं गाद्या भरतोय मी. बाहेरून कापड झकपक... पण आत काय भरलंय, ते कोणी बघितलंय?

आता मला जाकीट कशाला? तर लेक डोंगरावरच्या हवामान केंद्रात नोकरीला, तिला मुलगा झालाय, सहा महिन्यांचा नातू मी अजून फोनवरच बघतोय. माझी छाती गारठ्यात धरते, म्हणून तिनं बजावलं, "बाबा, पिसांचं जाकीट अंगात दिसलं तरच दार उघडीन." बदकाच्या पोटाखालची पिसं म्हणे, मऊमऊ... बदकाला विचारलंय का कोणी?

तर दुकानात एक निळं, एक करडं, दोन्ही टम्म. फुगलेलं दिसलं की मी आधी बोट खुपसतो. तेवढ्यात त्या पोरीनं काय करावं? अख्खं जाकीट चुरगाळून एका पिशवीत कोंबलं, ओंजळीएवढं झालं, वर म्हणते "छान ना?" छान? आमची गादी अशी दबली असती तर गिऱ्हाइकानं माझ्याच डोक्यावर आणून आपटली असती! चांगली गादी उचलताना दोन माणसांच्या कमरा बोलल्या पाहिजेत. मी विचारलं, आत काय भरलंय? तर म्हणते, लेबलवर लिहिलंय. लेबल! अहो, लेबल मीही लावतो की, 'शुद्ध कापूस' म्हणून, आणि आत... जाऊ द्या, तो विषय वेगळा.

शेवटी बायकोनं निळं उचललं आणि मला गप्प बसायला सांगितलं. बसलो. पण आमच्या धंद्याची रीत आहे, गिऱ्हाइकानं हात घालून बघितल्याशिवाय गादीचा चौथा कोपरा शिवायचा नाही. आणि याची तर सगळीकडून शिवण बंद! म्हणजे लपवलंय की नाही काहीतरी? घरी ही अंघोळीला गेली, तशी मी काखेतली शिवण दोन बोटं उसवली... आणि तुम्हाला सांगतो, पिसंच निघाली! खरीच! खोलीभर! मला शिंक आली, उरलेलीही उडाली. हाताला लागली तेवढी कोंबली आणि गाद्या शिवायच्या दाभणानं, जाड दोऱ्यानं, दणदणीत टाके घातले. त्या टाक्यांनी गादी दहा वर्षं हलत नाही.

पण पीस म्हणजे कापूस नव्हे, हे मला कोणी सांगावं? एकेका टाक्याला एकेक भोक. बसमध्ये एक पीस शेजाऱ्याच्या चहात, घाटात दुसरं त्याच्या मिशीत. तो माझ्याकडे संशयानं बघायला लागला... माझ्याकडे! वर पोचलो, लेक धावत येऊन गळ्यात पडली, आणि भस्सकन उरलासुरला ढग काखेतून बाहेर. तिच्या कडेवरचा नातू खळखळून हसला. असा हसला की माझे डोळेच भरून आले.

आता बसलोय शेगडीपुढे, कुडकुडत. जाकिटाचं नुसतं कापड उरलंय. लेकीनं अंगावर रजई टाकलीय, मागं घाईत माझ्याच दुकानातली एक मी तिला उचलून दिली होती. लेबल अजून शाबूत आहे, 'शुद्ध कापूस'. ती सारखी विचारतेय, "बाबा, एवढी जाड रजई, तरी थंडी कशी वाजते तुम्हाला?"

काय सांगू तिला? हिच्या आत काय भरलंय, ते कोणी बघितलेलं नाही. मी बघितलंय... मीच भरलंय.