मिश्र दुहेरीला कोण?

(कोल्हापूर, मंगळवार पेठ. टेनिस प्रशिक्षक अवनीच्या घरातला हॉल, दुपार. टीव्हीवर ऑस्ट्रेलियातून मिश्र करंडकाचं थेट प्रक्षेपण. शिरोळचा विजयसिंह खुर्चीच्या कडेला बसलेला.)

विजयसिंह : आवाज बारीक करा म्याडम. त्यो इंग्रजी बोलणारा लई घाबरवतोय.

अवनी : तो वाईट काहीच बोलत नाहीये, विजयदादा. एक-एक बरोबरी झाली म्हणतोय. आपला अभिराम हरला, तुमची संयोगिता जिंकली. आता मिश्र दुहेरी. ती जिंकली की भारत उपांत्य फेरीत.

विजयसिंह : त्ये कळतंय की मला. पर पोरगी जिंकली आन् हात वर केला न्हाय तिनं. डावाच हात हलवला लोकांस्नी. उजवा पोटाशी धरून बसली हुती.

अवनी : मीही पाहिलं.

विजयसिंह : बघितलंसा आन् गप बसलासा?

अवनी : तुम्ही पंख्याखाली बसून घामाघूम झालाय. अजून काय सांगू? चहा टाकते.

विजयसिंह : च्या नगो. घशाखाली उतरंना काय. तिकडं केरबाअण्णांनी चौकात पडदा लावलाय. निम्मं शिरोळ ऊस सोडून तिथं बसलंय, हलगीवाला बी बोलवून ठेवलाय. मला पयल्या रांगंत खुर्ची. माझ्यानं बसवंना तिथं. म्हसरं बघून येतो म्हणालो आन् सरळ फटफटी हिकडं हाणली.

अवनी : आणि घरी वहिनी?

विजयसिंह : देवाफुडं. ती बघतच न्हाय मॅच. निकाल लागल्यावर सांगा म्हणती.

अवनी : थांबा, फोन वाजतोय. संयोगिताच आहे.

विजयसिंह : स्पीकरवर टाका! मी हाय म्हणून सांगू नगा. उगं काळजी करंल.

अवनी : हं, बोल संयू.

संयोगिता : ताई, एकट्या आहात ना? आबांना काही कळायला नको.

अवनी : तू बोल. खांदा आहे ना?

संयोगिता : दुसऱ्या सेटमध्ये सर्व्हिस मारली आणि आत काहीतरी चरकन गेलं. इथल्या डॉक्टरनी बघितलं. स्नायू थोडा फाटलाय म्हणतात. मिश्र खेळले तर पुरता फाटू शकतो. फाटेलच असं नाही, पण फाटू शकतो.

अवनी : कर्णधार काय म्हणतात?

संयोगिता : तू ठरव म्हणतात. अभिराम म्हणतो, मागचं सगळं मी सांभाळतो, तू नेटजवळ उभी राहा. पण सर्व्हिस तर मलाच करावी लागणार ना. नाहीतर अदिती आहे राखीव. तिनं देशाकडून अजून एकही मॅच खेळलेली नाही, ताई. मघापासून बुटांच्या नाड्या सोडतीय आणि बांधतीय.

अवनी : नाव कधी द्यायचंय?

संयोगिता : आता थोड्या वेळात. ताई, तुमचाही खांदा दुखत होता ना तेव्हा? तरी तुम्ही खेळलात. भारत या करंडकात आजवर एकच लढत जिंकलाय, ती तुमच्यामुळं. आबांनी लहानपणी मला राजाराणीची गोष्ट कधी सांगितली नाही, तुमचीच सांगितली. मग मीही खेळते. खेळू ना?

अवनी : तू बर्फ लावून बस. मी लगेच उलट फोन करते.

संयोगिता : ताई, हो म्हणा की.

अवनी : करते म्हटलं ना फोन. ठेव.

विजयसिंह : ठेवला? आवं, हो म्हणून मोकळं व्हायचं की! इचारायचं काय त्येच्यात? पोरगी खेळतो म्हणतीय.

अवनी : डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना?

विजयसिंह : डाक्टर सगळ्यास्नी भीतीच घालत्यात. माझ्या गुडघ्याचं बी आपरेशन सांगितलेलं, अजून चालतोय न्हवं? आन् आता नगं म्हणाली तर फुडं कोण बोलवील तिला? म्हणतील, कोल्हापूरची पोरगी ऐन टायमाला बसली.

अवनी : मी तिला खेळ म्हणणार नाही.

विजयसिंह : का पर? तुम्ही न्हाय व्हय खेळला? बिंदू चौकातनं मिरवणूक निघाली तुमची. मी तिला खांद्यावर घिऊन उभा हुतो. सात वर्साची असंल. बघ म्हणालो, अशी व्हायचं तू.

अवनी : माहीत आहे मला.

विजयसिंह : का मग… राग मानू नगा, तोंडावर बोलतो. एकदाच जिंकलाय भारत, आन् ती तुमची मॅच. दुसरी कोण जिंकली तर तुमचं नाव मागं पडंल, असं तर न्हाय ना?

अवनी : असं वाटतं तुम्हाला?

विजयसिंह : चुकलं माझं. तोंडातनं गेलं.

अवनी : नाही, बरं झालं बोललात. विजयदादा, तुम्ही किती वर्षं संयोगिताला माझ्याकडं घेऊन येता?

विजयसिंह : मिरवणुकीनंतरच्या दिवाळीपास्नं.

अवनी : इतक्या वर्षांत मला सर्व्हिस मारताना कधी पाहिलंत?

विजयसिंह : म्हंजे? तुम्हीच शिकवली की तिला.

अवनी : तोंडानं शिकवली. मारून कधी दाखवली?

विजयसिंह : …न्हाय.

अवनी : हा बघा हात. इथपर्यंत येतो. याच्या वर नाही. दोन ऑपरेशनं झाली. केस बांधायचे तर मान खाली घालून बांधते. भाची लहान होती तेव्हा तिला उचलून घ्यायला घाबरायचे, हातातनं सुटेल म्हणून.

विजयसिंह : आन् पेपरात तर आलतं, जरा दुखत हुतं म्हणून.

अवनी : मीच सांगितलं होतं तसं. गळ्यात हार होते, समोर हलगी वाजत होती. त्यात काय सांगणार? आदल्या दिवशी डॉक्टर मलाही नको म्हणाले होते. मला कुणी विचारलं नाही, तू खेळतेस का म्हणून. देशाचा प्रश्न आहे म्हणाले, मी उठले. आम्ही जिंकलो म्हणून ती गोष्ट झाली. हरलो असतो तर वेडी म्हणाले असते.

विजयसिंह : पर देशाला तर जिंकून दिलंसा.

अवनी : एक सामना. त्याच्या आधी भारत एकदाच गेला होता या स्पर्धेला, सगळं हरून आला. मग आमचा तो विजय. आणि त्यानंतर? कितीतरी वर्षं बोलावणंच नाही. का माहितीय? मिश्र संघाला एक पुरुष लागतो आणि एक बाई. पुरुष होते आपल्याकडं. तेवढ्या क्रमवारीची मुलगी नव्हती. एक होती, ती इथं मंगळवार पेठेत गरम पाण्याची पिशवी खांद्याला लावून बसली होती.

विजयसिंह : आवो…

अवनी : संयोगिता तयार होईपर्यंत वाट बघावी लागली. आता ती पण गेली तर परत किती वर्षं? द्या तो फोन. मी सांगते तिला.

विजयसिंह : तुम्ही नगा. तुमचं ऐकून घ्यायची न्हाय. तुम्ही खेळलाय. मी लावतो.

अवनी : काय बोलणार?

विजयसिंह : मला तरी कुठं म्हाईत? …हॅलो. संयू.

संयोगिता : आबा? तुम्ही ताईंच्या घरी? चौकात नाही बसलात?

विजयसिंह : मगाशीबी हितंच हुतो. सगळं ऐकलं. आता माझं ऐक. तू खेळू नगंस.

संयोगिता : आबा, गाव जमलंय की. आईनं फोटो पाठवला. माझा बोर्ड लावलाय केवढा.

विजयसिंह : बोर्ड उतरवता येतोय.

संयोगिता : लोक काय म्हणतील?

विजयसिंह : म्हणू देत. बैल लंगडाय लागला तर त्येला शर्यतीच्या गाड्याला जुपत न्हाय आपण. त्यो तर जनावर. तू माझी पोरगी हाईस. मी आतापतूर तुला गोष्ट सांगितली ती अर्धीच सांगितली, मलाच अर्धी ठावं हुती. बाकीची ताई सांगतील तू आल्यावर.

संयोगिता : पुन्हा नाही बोलावलं तर?

विजयसिंह : न्हाय बोलावलं तर न्हाय.

संयोगिता : आबा, मला खेळायचंय हो.

विजयसिंह : व्हय बाळ. म्हाईत हाय मला. रडू नगंस… रड, रड. पर नाव अदितीचं दे.

अवनी : संयू, मी बोलतेय. अदितीजवळ बस. पहिल्या गेमला चेंडू उंच जाऊ दे म्हणावं, घाई नको. आणि अभिरामला सांग, चुकली तरी तिच्याकडं वळून बघू नको.

संयोगिता : …सांगते ताई. ठेवते. पंच बोलवतायत.

विजयसिंह : ठेवला. म्याडम, आता मला जरा पाणी द्या.

*

विजयसिंह : हाण! हाण की गं पोरी! …गेला भाईर. 

अवनी : सेटची बरोबरी आहे अजून. पहिला घालवून दुसरा घेतलाय आपल्यांनी. चांगली खेळतेय हो अदिती.

विजयसिंह : आता कितीपतूर?

अवनी : तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. दोनच गुण मागे आहोत.

विजयसिंह : केरबाअण्णांचा फोन येतोय सारखा. उचलतो एकदाचा. …अण्णा, व्हय, तीच बसलीय बाकावर. खांदा गेलाय तिचा. घाबरली न्हाय, मी बसवलीय तिला. मी! बाप हाय तिचा. शिव्या मला द्या संध्याकाळी, आता मॅच बघा. …आन् हलगी वाजवा की, भारतच खेळतोय न्हवं?

अवनी : काय म्हणाले?

विजयसिंह : काय न्हाय. फोनात वाजाय लागली बघा. ऐका.

अवनी : सर्व्हिस अदितीची. हा गुण गेला तर संपलं.

विजयसिंह : मी डोळं मिटतो. तुम्ही सांगा.

अवनी : पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली.

विजयसिंह : आन् दुसरी?

अवनी : तीही नेटमध्ये. दोन्ही चुकल्या.

विजयसिंह : म्हंजे?

अवनी : हरलो.

विजयसिंह : पोरगी कुठं हाय माझी?

अवनी : संयोगिता धावत गेली बघा कोर्टवर. डावा हात तिच्या गळ्यात टाकलाय. अदिती डोक्यावरचा टॉवेल काढत नाहीये.

विजयसिंह : कुठली म्हणायची ही अदिती?

अवनी : नाशिकची. वडील नाहीत. आई शाळेत शिकवते.

विजयसिंह : एकटीच बघत असंल घरात.

अवनी : असेल.

विजयसिंह : नंबर हाय?

अवनी : संघाच्या पालकांचा ग्रुप आहे ना, त्यात असेल. पण आत्ता काय बोलणार त्यांच्याशी?

विजयसिंह : लावा तर. …नमस्कार ताई. मी संयोगिताचा बाप, शिरोळचा विजयसिंह बोलतोय. न्हाय न्हाय, तुम्ही कशापायी माफी मागताय? तुमची पोरगी माझ्या पोरीच्या जागंवर उभी ऱ्हायली, तेवढंच सांगायला फोन केलता.