सूज उतरली आहे तोवर

नाही, गोळ्या नाही. नाही म्हणजे नाही, एसेनबेक. मार्चमध्ये दिल्या, एप्रिलच्या शेवटी दिल्या, आता तिसऱ्यांदा तू टोपी मांडीवर ठेवून माझ्यासमोर बसलायस आणि तेच तुणतुणं — ‘सोनुन एजे, तेवढ्या गोळ्या लिहून द्या, परवा आम्ही वर कुरणावर निघालो.’ एजे नको म्हणूस मला. एजे म्हणत, ताई-ताई करत ह्या नारिनच्या लोकांनी वीस वर्षं माझ्याकडून गोळ्याच नेल्यात. तुरसुनाय कुठाय? बाहेर बाकावर? बसू दे. आधी तुझ्याशी बोलायचंय — तोंड बायकोचं, पण ते उघडायचं की नाही हे तू ठरवतोस असं दिसतंय. आणि ते ओठाखालचं नासवाय आधी थुंक. तिकडे, बेसिनमध्ये. दातांच्या डॉक्टरकडे येतोस आणि तंबाखूची गोळी तोंडात धरून बसतोस, धन्य आहे तुझी.

हां. आता हा एक्सरे बघ. उजेडाकडे धर — उलटा धरलास — असा. हे बाकीचे दात कसे उभे आहेत, रांगेत, शहाण्यासारखे? आणि ही शेवटची, खालची, अक्कलदाढ — दिसते? आडवी. उभी नाही, आडवी झोपलीय, आणि डोकं कुठे टेकवलंय बघ, पुढच्या दाढेच्या मुळाशी. जबड्यात जागाच नाही, मग ती येणार कुठून? अर्धी हाडात, अर्धी हिरडीखाली. वर हिरडीची एक झडप. त्या झडपेखाली ब्रश जात नाही, जीभ जात नाही, पण जेवण जातं — पीठ जातं, मांसाचा धागा जातो — आणि तिथेच कुजतं. मग पू. मग सूज. मग गोळ्या. गोळ्यांनी काय होतं? सूज उतरते. दाढ सरळ होते का? झडप जाते का? नाही ना? मग सहा आठवड्यांनी पुन्हा माझं दार. आणि ही पुढची चांगली दाढ बघ, इथे काळं दिसतंय — किडायला लागलीय. एकीपायी दोन जाणार.

काय? सगळ्यांच्याच काढता का? अजिबात नाही. मुकाट पडून राहणाऱ्या दाढेला मी हात लावत नाही. माझ्या स्वतःच्या दोन आहेत जबड्यात, आडव्याच, कधी हूं की चूं केलं नाही, राहू देत. पण हिने तीन महिन्यांत दोनदा डोकं वर काढलंय. आणि जोखीम नाही असंही सांगणार नाही — खालून शीर जाते, ओठ काही दिवस बधिर राहू शकतो, क्वचित जास्तही. तिलाही सांगेन. पण तुमची दुसरी तऱ्हा मला कळत नाही. सूज असताना येता, तेव्हा काढता येत नाही — पू असला की भूल नीट धरत नाही, तोंड उघडत नाही. म्हणून मी म्हणते, सूज उतरली की या. उतरली की कोण येतं? कोणी नाही! उतरली म्हणजे बरं झालं! मेंढीची चरबी लावली, व्होडकाची गुळणी केली, मोल्दोने दुवा पढून फुंकर मारली, बरं झालं! आज पहिल्यांदा ती माझ्या दारात सूज नसताना आलीय, तीही गोळ्या बांधून न्यायला. आजच काढता येईल, एसेनबेक. आज.

घोड्या? हो, ठाऊक आहे, घोड्यांचं दूध दर दोन तासांनी काढावं लागतं. मी काय परदेशातून आलेय? तुझ्या लग्नाआधी कोण काढत होतं? तुझी आई. आहे ना ती धडधाकट? परवा बाजारात माझ्याशी बटाट्यांवरून भांडत होती. एक आठवडा काढेल. टाके निघेपर्यंत तुरसुनाय इथे राहील, बहिणीकडे, मग जा वर सोंकुलच्या कुरणावर, सप्टेंबरपर्यंत येऊ नका, मला काही नाही. पण वर कुरणावर फोन लागत नाही, डॉक्टर नाही, खाली गाडीरस्त्याला यायला अर्धा दिवस घोड्यावर. तिथे ही दाढ फुगली तर सूज गालात राहीलच असं नाही. खाली उतरते. जिभेखाली, मग गळ्यात. आधी थुंकी गिळवत नाही, आवाज घोगरा होतो, माणूस झोपू शकत नाही, बसूनच राहतो, कारण आडवं झालं की श्वास —

हसू नकोस. दाताने कोणी मरत नाही म्हणे! माझी बहीण मेली. बेगिमाय. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. नऊ वर्षं झाली ह्या जूनला. अगदी तुमच्यासारखंच — तंबूचं सामान ट्रकवर चढलेलं, दोन पोरं वर बसलेली, आणि नवरा फाटकाशी, इंजिन चालू ठेवून. घाई! मेंढ्या पुढे गेल्या! तुम्हा नवऱ्यांची ती घाईच — दहाव्या दिवशी तिला घोड्यावर पुढ्यात बसवून तो खाली घेऊन आला. रस्त्यापर्यंत ती होती म्हणे. तिथे गाडी मिळाली, गाडीत नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येक नवऱ्याला हे सांगते, ह्याच खुर्चीत बसवून, की एकाने घाई केली आणि —

काय म्हणालास? मी? मी कुठे होते?

होते. इथेच होते, घरी. आमच्याच अंगणातून निघाली ती. माझ्या थोरल्याच्या लग्नाची बोलणी होती, पाहुणे येणार, मी बोरसोक तळत होते, हात पिठाचे. म्हणाली, ‘एजे, बघ ना जरा, तोंड उघडत नाहीये.’ मी अंगणातच बघितलं. उभ्याउभ्या. दोन बोटं जात नव्हती तोंडात, दोन बोटं — म्हणजे सूज आत उतरायला लागलीय, हे दातांच्या कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. म्हणाली, दवाखाना उघड ना, काय ते बघ. मी म्हटलं, ‘आजच सुचलं का तुला? वर्षभर काय करत होतीस?’ रागाने म्हटलं. कपाटातल्या गोळ्या काढून दिल्या. आणि तो... अकमतबेक, तिचा नवरा... इंजिन चालू नव्हतं. त्याने बंद केलं होतं. खाली उतरून आत आला, म्हणाला, ‘एजे, गरज असेल तर आम्ही थांबतो, मेंढ्यांचं बघतील भाऊ.’ थांबतो म्हणाला तो. मी म्हटलं, जा तुम्ही, काही होत नाही, गोळ्या घे म्हणावं.

मातीच्या दिवशी लोकांनी त्याला बोल लावले. माझ्या सासूने लावले, नवऱ्याने लावले. मी तिथेच बसले होते, बायकांत. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. कोणाला काही बोलला नाही. आजतागायत नाही. दर उन्हाळ्यात कोणाच्या तरी हाती आपल्या घोड्यांच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमिसचा डबा पाठवतो, माझ्या नावाने. मी नर्सना वाटून टाकते.

हे मी कोणाला... तुला कशाला सांगितलं मी हे? तू विचारलंस म्हणून? सगळे विचारतात, काहीबाही सांगून गप्प करते. आज तू आपला मांडीवरची टोपी फिरवत बसलास, तसाच तोही —

नाही. काही बोलू नकोस. वाईट वाटलं वगैरे नको मला. ऊठ. तिला आत पाठव. मी तिलाच विचारणार आहे, तुला नाही, आणि ती हो म्हणाली तर चाळीस मिनिटं लागतील. तू आईला फोन कर. जा म्हटलं ना, एसेनबेक! आणि दार ओढून घे.